मुकं कार्ड

निवाल्दोने चष्मा कपाळावर सरकवला, जुन्या मॉनिटरला जवळजवळ नाक लावलं आणि गोठलेल्या ओळी पुन्हा वाचायला घेतल्या. शेजारी त्याची बायको दामारिस कीबोर्डवर हात ठेवून ऐकत होती. दामारिस जन्मांध. या खटारा संगणकात लिनक्स तिनेच घातलं होतं, आणि पडद्यावरचं सगळं तिला आतलं बोलणारं कार्ड वाचून दाखवायचं. ते मुकं झाल्यापासून वाचायचं काम नवऱ्याकडे आलं होतं.

लिहायचंही. ओल्गीन शहराच्या रेडिओवर तिने लिहिलेली मालिका चालू होती. शेवटचा भाग आज संध्याकाळी पोचवायचा, आणि त्याची एकही ओळ झालेली नव्हती. ती सांगायला लागली की हा पेन थांबवून विचारायचा, "बाई नवऱ्याला असं बोलेल का गं?" झालं, पुढचं सगळं तिच्या डोक्यातून उडून जायचं. रेडिओवाल्यांचा निरोप आला होता: जमत नसेल तर शेवट दुसऱ्याकडून लिहून घेतो.

"चारला लाइट जाईल," ती म्हणाली. "भरभर वाच. आणि गाळू नकोस काही."

"कार्ड मेलंय, बाई. किती वेळा सांगू?"

"मेलं की नाही ते मी ठरवीन. वरून वाच. मेमरी किती दाखवतोय?"

निवाल्दोने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुसलेला परत पुसला. कार्ड कधीपासून मुकं झालं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून तो गप्प बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायकोचं त्याच्यावाचून अडलं होतं आणि त्याला ते फार आवडलं होतं.

"सोळा एमबी," तो म्हणाला.

"आठ होती."

"आठ मी वाढवली. तुझ्या वाढदिवसाला. म्हटलं, जरा पळेल तरी."

दामारिस बोटांवर काहीतरी मोजू लागली. शेजारच्या घरातला कुकर तेवढा फुसफुसत राहिला.

"मेमरीत पंधरा ते सोळा एमबी ही कार्डाची जागा," ती शेवटी म्हणाली. "आठ होती तोवर तिथे कोणी फिरकत नव्हतं. आता लिनक्स तिथेच जाऊन बसतंय. अरे माणसा, आधी बोलायला काय झालं होतं तुला?"

"काढून टाकू का?"

"राहू दे. दिलीस ना एकदा. तेवढी जागा मोकळी सोडायची सोय असते. मी सेटिंगमध्ये शिरते, तू वाच."

तो वाचत गेला, ती बटणं दाबत गेली. संगणक बंद होऊन परत चालू झाला. ओळी सरसर वर गेल्या आणि नेहमीच्या ठिकाणी अडखळल्या. मग स्पीकर खरखरला, आणि तो नाकातला यांत्रिक आवाज घरभर बोलू लागला.

दामारिसला हसू आवरेना. तिने चाचपडत हेडफोन शोधला, खुपसला, कानांवर चढवला. घर पुन्हा शांत झालं. तिची बोटं कीबोर्डवर धावायला लागली.

निवाल्दोने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने एक कान मोकळा केला.

"तुझ्या मालिकेतली एल्विरा शेवटी नवऱ्याला सोडते की राहते गं?"

"गुरुवारी. रेडिओवर ऐक."

तो तिच्या मागेच उभा राहिला. पडद्यावर अक्षरं उमटत होती, एकामागून एक, स्वच्छ. एल्विराने पिशवी भरली. एल्विरा दारापाशी आली.

त्याने तिच्या डोक्यावरून हात लांब केला आणि पुढचं वाचायच्या आत मॉनिटर खटकन बंद केला.

तिची बोटं क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली.