तुळसाच्या हातातलं कलम

सोमवारी सकाळी सानिकाने कॉम्प्युटर उघडला, तर तिचं चित्रांचं सॉफ्टवेअर रविवारच्या एका दिवसात शहाणं होऊन बसलं होतं. कुणी सांगितलं होतं त्याला? परवापर्यंत गुमान काम करायचं बिचारं. ब्रश जिथल्या तिथे, रंग जिथले तिथे. आज स्क्रीनवर पताका उडाल्या आणि पाटी आली: 'नवीन सोयी! आता फक्त मराठीत सांगा, चित्र आम्ही काढू. खराब फोटो आम्ही पुरा करू. वेबसाइटचं पान आम्ही मांडू.'

"मग मी काय माशा मारू?" सानिका मोठ्याने म्हणाली. रत्नागिरीतल्या साळवी स्टॉपच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत ऐकायला दुसरं होतं कोण!

पण खरं सांगायचं, तर ही सोय आज तिच्या मदतीला देवासारखी धावून आली होती. जयगडच्या वाटेवरच्या गावातून भागोजी अकराच्या एसटीने यायचे होते. वय ऐंशीच्या घरात, हापूसची बाग, आणि मुंबईतल्या मुलांच्या हट्टापायी वेबसाइट करायला निघालेले. त्यांची अट एकच. पहिल्या पानावर तुळसा पाहिजे. तुळसा म्हणजे त्यांची बायको, जाऊन सहा वर्षं झाली. सबंध जन्मात तिचा एकच फोटो निघाला आणि शिंच्या वाळवीला नेमका तोच गावला. चेहरा वाचला, पदर वाचला. हात, पाय आणि मागचं सगळं गेलं. "अर्धी बायको लोकांना दाखवू काय गो?" भागोजींनी विचारलं होतं, आणि सानिकाने छाती ठोकून सांगितलं होतं, मी पुरी करून देते. आठ दिवस ती माउसने रंगवत बसली होती. बोटं काढली की त्यांच्या भेंड्या होत होत्या.

फोटोत काय होतं ते भागोजींनी सांगितलेलं तिच्या वहीत होतं. तिने तो अर्धा फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि खाली तेच टाइप केलं: 'बाई सड्यावर उभी आहे. तिच्या हातात कलम आहे.'

आता यात कठीण काय आहे, सांगा बघू! रत्नागिरीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल की सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ, आणि कलम म्हणजे हापूसचं रोप. पण हे शहाणं कुठल्या गावाहून मराठी शिकून आलं होतं देव जाणे. थोडा वेळ चक्र फिरलं आणि चित्र आलं. सारवलेलं अंगण, त्यावर शेणाचा सडा, वर रांगोळी, झेंडूच्या पाकळ्या, आणि मधोमध तुळसा उभी. हातात पेन. तेही साधं नव्हे, सोनेरी टोपणाचं.

"अरे मेल्या!" सानिका किंचाळली. नेमक्या त्याच वेळी दारात चपला वाजल्या.

"झाली काय गो पुरी?" भागोजी आत आले आणि खुर्ची ओढून बसले.

लपवायला वेळच नव्हता. "आजोबा, हे जरा बावळट आहे. तुम्हीच समजावून सांगा त्याला. बोललेलंही कळतं म्हणे."

भागोजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ग्रामसभेत बोलावं तसे ते स्क्रीनसमोर खणखणीत बोलले, "ऐक रे. आम्ही दोघांनी सड्यावर सुरुंग लावून खड्डे पाडले, आणि एका वर्षात दोनशे कलमं लावली!"

चक्र फिरलं. तुळसाच्या उजव्या-डाव्या बाजूला दोन हवालदार उगवले. खाली अदबीने लिहिलेलं होतं: 'आपल्यावर दोनशे कलमं लागल्याचं ऐकून वाईट वाटलं. जवळचा वकील शोधू का?'

सानिकाने घाबरत वाचून दाखवलं.

"माझ्यावर?" भागोजी ताडकन उभे राहिले. "उभ्या जन्मात पोलीस ठाण्याची पायरी चढलो नाय मी! कुठला हा? पुण्याकडचा काय?"

"असेल. तुम्ही आंब्यांचं सांगा, आजोबा, आंब्यांचं."

"आंबे रे, आंबे! दर साल पाचशे पेट्या जातात मुंबईला!"

पेट्या आल्या. वाजवायच्या. हवालदारांच्या पुढ्यात ओळीने हार्मोनियम मांडलेले, प्रत्येकावर एकेक हापूस. त्यातला एक हवालदार तर मांडी ठोकून वाजवायलाही बसला होता. 'कार्यक्रमाची तारीख टाकू का?' सॉफ्टवेअरने विचारलं.

सानिकाला आधी हसू फुटलं आणि मग रडूच आलं. या माणसाकडे बायकोचं तेवढंच उरलं होतं, आणि आपण त्याचा तमाशा करून ठेवला. "माफ करा, आजोबा. मोठ्या तोंडाने बोलले, पण माझ्याने नाही व्हायचं." ती एकेक गोष्ट मागे घ्यायला लागली. हार्मोनियम गेले. हवालदार गेले. राहिली ती अंगणात उभी असलेली तुळसा. आता पेन पुसायचं, म्हणून सानिकाने माउस हलवला.

"थांब गो." भागोजी स्क्रीनजवळ वाकले होते. "ते नको काढू."

"अहो, चूक आहे ती. कलम म्हटल्यावर त्याला पेन वाटलं."

"कळलं मला. हाच इनोद मी केला होता."

ते पुन्हा बसले. "कलमं लावली ना, त्याच साली गावात बायांना लिहा-वाचायला शिकवायचा वर्ग निघाला. मास्तरीण घरी आली, बोलली, तुळसाबाई, आता हातात कलम धरा. हिने माझ्याकडे बघितलं. मनात होतं तिच्या. मी बोललो, दोनशे कलमं धरलीन की तिने, अजून किती धरायची? घरापुढच्या खळ्यातली सगळी माणसं हसली."

"आणि आजी?"

"ती पण हसली. सगळ्यांत जास्त तीच हसली." भागोजींनी टोपी उलटीपालटी केली. "पण परत कधी विचारलं नाय. शेवटपर्यंत अंगठाच लावत गेली."

सानिकाने रांगोळी पुसली, झेंडू पुसले आणि तासभर बसून स्वतःच्या हाताने सड्याचा कातळ रंगवला. भागोजी बाजूला बसून कुठे काळा, कुठे तांबूस ते सांगत होते. पेनाला तिने हात लावला नाही.

शेवटी पान जगासाठी खुलं करायचं बटण तिने दाबलं, तर पुन्हा पाटी आलीच: 'चित्रात चूक सापडली. कातळावर उभ्या असलेल्या शेतकरी बाईच्या हातात पेन आहे. दुरुस्त करू का?'

"आता काय बोलतोय तो?"

सानिकाने वाचून दाखवलं.

"त्याला सांग," भागोजी म्हणाले, "चूक माझी आहे. त्याने मधे पडू नये."

सानिकाने 'नको' दाबलं.