ऑलिव्हच्या दोन जन्मतारखा

मार्सेलिनाच्या हातची खजुराची वाईन आखातातल्या झिंज वस्तीतल्या वसईकरांत नावाजलेली होती. त्याच हातानं आपण पोरीच्या आयुष्याची माती केली, असं ती पाच वर्षं स्वतःला ऐकवत आली होती.

नाताळच्या वाईनची पहिली बाटली पोरीच्या गॉडमदरला पोचवायची, ही त्यांच्या घरची रीत. एकोणऐंशीच्या डिसेंबरात तिनं ती बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सोळा वर्षांच्या ऑलिव्हला टॅक्सीनं हिद्दला तिच्या गॉडमदरकडे धाडलं. वाटेत टॅक्सीला मागून गाडी ठोकली. बाटली फुटली, वास सुटला; घरी दारू करणं तिथं गुन्हा. पोलीस आले अपघातासाठी आणि घेऊन गेले पोरीला. "आय मेड इट," एवढंच ऑलिव्ह म्हणाली. आईचं नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. दंडावर सुटली, पण नाव पोलिसांच्या दफ्तरी चढलं ते चढलंच.

आता तिची लंडनच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगच्या ट्रेनिंगला निवड झाली होती आणि तिथल्या लोकांना पोलिसांचा स्वच्छ दाखला हवा होता. वकिलाच्या ऑफिसात काम करणाऱ्या हैदराबादच्या आबिदानं धीर दिला. "अठरा से कम उमर का केस है ना? अर्जी डालो, नाम कट जाएगा, इंशाल्ला."

इतकं सोपं होतं. पण कागदावर ऑलिव्ह तेव्हा अठरा पुरी झालेली होती! हा तिच्या बापाचा, फिलिपचा पराक्रम. मुलीचा पासपोर्ट काढताना त्यानं त्रेसष्टच्या जागी एकसष्ट लिहिलं. शाळा संपली की लगेच नोकरीचा व्हिसा मिळेल, दोन वर्षं वाचतील. सगळेच करतात म्हणे. हे 'सगळे' कधी निस्तरायला येत नाहीत, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्सेलिनानं भावाला लिहून वसईच्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला मागवला. मेरी ऑलिव्ह, जन्म मार्च त्रेसष्ट. दाखला हातात पडला तेव्हा ती ढसाढसा रडली, आणि त्या दिवशी पाच वर्षांत पहिल्यांदा तिला चार घास गोड लागले. पासपोर्टचा फॉर्म कुणी भरला हे कोण विचारतंय, असं फिलिप म्हणाला. तिनंही ते मानलं. तिला मानायचंच होतं.

चौघं अर्ज घेऊन गेली तेव्हा पोलीस अधिकाऱ्यानं नेमकं तेच विचारलं. पासपोर्ट डावीकडे, दाखला उजवीकडे ठेवून तो शांतपणे बोलत होता आणि आबिदा हिंदीत सांगत होती. "फॉर्म पे साइन किसका है? ये तारीख झूठी है तो झूठ लिखनेवाले पे केस होगा."

फिलिपचा चेहरा पांढराफटक पडला. बावीस वर्षांची हॉटेलातली नोकरी, व्हिसा, सगळं त्या टेबलावर पडलेलं.

"पासपोर्ट सही है, साब," तो म्हणाला. "ये सर्टिफिकेट छोटी बेटी का है. नाम एक ही रखा था. वो बचपन में गुजर गई."

आबिदाला खरं ठाऊक होतं. तिनं मान खाली घालून ते अरबीत सांगितलं. अधिकाऱ्यानं मार्सेलिनाकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"पूछ रहे हैं, ये सच है? आप माँ हैं."

नाही म्हणायला किती वेळ लागतो? ऑलिव्ह आईकडे टक लावून बघत होती. ज्या पोरीनं सोळाव्या वर्षी आपल्याला वाचवलं, तिला आज वाचवायची पाळी आपली, हे मार्सेलिनाला लख्ख कळत होतं. तिला नवऱ्याचा संताप आला, त्या फॉर्मचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या मानेचा, कारण ती मान हलली होती. हो म्हणून.

अधिकारी भला माणूस. त्यानं मेलेल्या लेकरासाठी पुटपुटत दुवा मागितली आणि दाखला दोन्ही हातांनी मार्सेलिनाला परत दिला. मग अर्जावर शिक्का मारला. नामंजूर. खलास.

घरी आल्यावर फिलिपनं बूट न काढताच सुरू केलं, "अगं, नोकरी राहिली तर पुढं काहीतरी करता येईल..." मार्सेलिनानं ते ऐकलं नाही. ती ऑलिव्हजवळ जाऊन बसली. पोर रडेल, भांडेल, इंग्रजीत चार शब्द सुनावेल, तेवढं तरी आपल्या वाट्याला येऊ दे, असं तिला वाटत होतं.

ऑलिव्हनं आईच्या हातातला दाखला घेतला, त्यावरची तारीख वाचली. घरात कधी मराठीत उत्तर न देणारी ती पोर मग अगदी आईच्याच बोलीत म्हणाली, "मम्मी, मी कशानं मेले गं?"