आधी कोण म्हणालं ते

दवाखान्यात आम्ही दुभाषे दोघंच, ताई आणि मी. डॉक्टर इंग्रजी बोलणार, पेशंट मराठी, आणि मध्ये आम्ही. ताई स्वतःचा एक शब्द घालत नसे, म्हणून सगळे तिला पाठीमागे पोपट म्हणायचे. माझा हात जरा सढळ. मी तिला चिडवायचो, "ताई, जास्तीच्या शब्दाला पगार कापतात का गं तुझा?"

एका गोष्टीत मात्र ती फार कडक. मराठीत आपण सगळं सांगून झाल्यावर शेवटी "असं तो म्हणाला" जोडतो. तोवर बोलणं कुणाचं, याचा पत्ताच नसतो. इंग्रजीत सांगताना ताई आधी माणूस सांगायची, मग त्याचं बोलणं. "नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं," ती म्हणायची. मला हा नुसता काथ्याकूट वाटायचा.

एकदा भाजीबाजारात लिलाव पुकारणारे काका आले. घशात गाठ होती. सोबत थोरला मुलगा, आणि सगळं तोच बोलत होता. डॉक्टरांनी काकांना विचारलं, ऑपरेशनला तयार आहात ना? काकांनी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "हो, बाबा तयार आहेत."

मी असतो तर "हो" सांगून मोकळा झालो असतो. ताई म्हणाली, "मुलगा म्हणतो, वडील तयार आहेत. वडील अजून काही बोललेले नाहीत."

डॉक्टरांनी खुर्ची काकांकडे वळवली. "गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल. तुमचा आवाज जाईल. हे माहीत आहे ना तुम्हाला?"

मुलाला इंग्रजी कळत होतं. तो घाईघाईने ताईला म्हणाला, "अहो, हे नका सांगू, पाया पडतो तुमच्या! ते नाही म्हणतील आणि जिवाला मुकतील."

पोराचा जीव तुटत होता, ते मलाही दिसत होतं. ताईने त्याचं म्हणणं डॉक्टरांना सांगितलं. मग काकांसमोर बसून डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, अगदी मऊ आवाजात, पण एकही शब्द न गाळता. एवढं धाडस माझ्यात नाही. त्या क्षणी मी तिला मनातल्या मनात हात जोडले.

 काका घोगऱ्या आवाजात मुलाला म्हणाले, "नासका माल झाकून मी कधी विकला नाही रे. आणि तू माझ्यापासून माझाच घसा झाकतोस?"

मग ते डॉक्टरांकडे वळले.

"करा ऑपरेशन," काका डॉक्टरांना म्हणाले. "मला जगायचंय. फक्त थोडे दिवस द्या. घरातल्या एकेकाला नावाने हाक मारून घेतो."

ताईने ते सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली. काकांनी घसा खाकरला आणि तिथेच, सगळ्यांत आधी, शेजारी बसलेल्या मुलाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारली. एवढा चाळिशीचा बाप्या, त्याने लहान पोरासारखी "ओ" दिली.