तीन ठोक्यांची हाक

मी क्लावे बोलतेय. क्लावे म्हणजे मुठीत मावतील अशा कठीण लाकडाच्या दोन दांड्या, एकमेकींवर आपटल्या की 'टक्' म्हणणारी जोडी. नाव ऐकलं नसेल तर राहू द्या. पण आज मी गप्प बसणार नाही.

पहिल्यांदा खटकलं ते अगदी एवढंसं होतं. साल्सा नाचाच्या वर्गात गाणं चालू होतं आणि मध्येच सगळी वाद्यं क्षणभर थांबली. साल्साच्या गाण्यात ती अशी थांबतातच, बोलता बोलता माणूस श्वास घेतो तशी. पाय मात्र थांबले नाहीत. सर ओरडत होते, "एक-दोन-तीन, पाच-सहा-सात!" आणि सगळे त्या आकड्यांवर नाचत होते. थांबली ती एकच मुलगी. तिचा जोडीदार, दातांचा डॉक्टर, तिच्यावर धाडकन आदळला. आणि बोलणी कुणी खाल्ली? तिनेच!

"अगं दचकी, लक्ष कुठंय तुझं?" सर म्हणाले. सगळे हसले.

दचकी हे तिचं वर्गातलं नाव. दार आपटलं, फोन वाजला, कुणी शिंकलं, की ही उडालीच. मला विचाराल तर ती दचकते, कारण ती ऐकते. बाकीच्यांचे कान चष्मा अडकवायला.

हे मी छातीठोकपणे सांगते, कारण ऐकायला शिकवणं हेच माझं काम होतं. एका सुताराने मोडक्या खुर्चीच्या पायांतून मला घडवलं आणि सरांच्या आत्याला दिलं. हा वर्ग तिनेच सुरू केला. नव्या माणसाला ती आधी नाचूच देत नसे. जमिनीवर बसवायची आणि मला वाजवायची. टक्... टक्... टक्. हे तीन ठोके म्हणजे हाक. त्यावर समोरच्याने दोन टाळ्या द्यायच्या, ती ओ. ओ बरोबर जागी पडायला लागली की मगच उभं राहायचं.

सर तेव्हा शेंबडे होते. "घोड्या, पायांना कसली घाई? आधी कान धुऊन ये!" आत्या ओरडली, तर हा खरोखरच नळावर जाऊन कान धुऊन आला. ओल्या कानांनी बसला आणि त्या दिवशी त्याची ओ पहिल्यांदा जागेवर पडली.

पुढे आत्याचे गुडघे थकले. ती लेकीकडे राहायला गेली. सरांनी मोठा स्पीकर आणला आणि आकडे सुरू झाले. माझी एक दांडी खिडकीला टेकण म्हणून लागली, दुसरी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या आणि भिंतीच्या फटीत कोंबली गेली. वर तोच स्पीकर! एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, मग एका दांडीने मी कशी वाजणार? खरं सांगते, त्याच्या दणक्याने मीही दरवेळी दचकायची. पण घाबरणं वेगळं आणि हार मानणं वेगळं. प्रत्येक गाण्याला मनातल्या मनात मी माझी हाक दिली. ओ मात्र कुणाचीच आली नाही.

मग काल संध्याकाळी गाणं पुन्हा तसंच थांबलं. दचकी पुन्हा थांबली. डॉक्टर पुन्हा आदळला.

"सर, माझ्या पायांचं काही खरं नाही हिच्याबरोबर. दात असते तर नवे बसवले असते!"

सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण आपल्या वर्गाच्या कार्यक्रमात तू नको. तुला तालच नाही. चला रे बाकीचे, पुन्हा!"

ताल नाही? हिला? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गाणं पुन्हा सुरू झालं. ती खिडकीशी येऊन उभी राहिली, डोळे डबडबलेले. समोरच्या भिंतीवर आत्याचा फोटो आहे, त्यात मी तिच्या हातात आहे. दचकीने फोटो पाहिला. मग खिडकीतली दांडी. मग टेबलामागची फट.

तिने मला ओढलं. खिडकी आपटली, ती दचकली, पण मला सोडलं नाही. तरातरा टेबलाशी गेली आणि दुसरी दांडी उपसली. टेबल कललं, स्पीकरची पिन निसटली. गाणं बंद!

आणि पाय चालूच! डॉक्टर तर पाच-सहा-सात करत भिंतीपर्यंत गेला.

"अगं, काय केलंस हे?" सर धावले.

"गाणं थांबलंय, सर." तिने दोन्ही दांड्या छातीशी धरल्या. "कळलं कुणाला?"

फोटोतल्या आत्यासारखी डाव्या पंजाची खोलगट वाटी करून तिने एक दांडी त्यावर ठेवली. किती दिवसांनी माझ्या दोघी भेटल्या! साल्साच्या गाण्यांत माझी हाक दडलेली असतेच, ती हिने कधीच हेरली होती. टक्... टक्... टक्. कुणीतरी फिसकन हसलं. तिने पुन्हा हाक दिली. ओ नाहीच. हसा, म्हटलं, खुशाल हसा. मी खुर्चीचा पाय होते तेव्हाही माणसांचं ओझं पेललंय, तुमच्या हसण्याने काय मोडणार?

सरांनी मला हिसकावून घ्यायला हात पुढे केला. तिने डोळे घट्ट मिटले आणि तरीही वाजवलं.

टक्... टक्... टक्.

सरांचा हात वाटेतच थांबला. मग हळूच कानाकडे गेला, ओला कान पुसावा तसा. आणि दुसऱ्या हाताला येऊन भिडला.

एक टाळी. आणि लगेच, बरोबर जागेवर, दुसरी.