एक्केचाळिसावा साचा

शेवटचा साचा उलटा करून धाकटीने त्याच्या बुडावर दोन टिचक्या मारल्या आणि ऐंशीवा केक अलगद फळीवर उतरला. तिने तो चारी बाजूंनी न्याहाळला. माथा सपाट, कडा सारख्या, कुठे चीर नाही की करपल्याचा डाग नाही. मग तिने हातातलं फडकं छताकडे भिरकावलं आणि भट्टीच्या खोलीत एकटीनेच दोन गिरक्या घेतल्या.

"बाबा! ऐंशीच्या ऐंशी!" ती ओरडली. "एकसुद्धा बिघडला नाही!"

पुढे दुकानात बाबा खुर्चीवर बसून खोक्यांना लाल दोरा बांधत होते.

"हं," ते म्हणाले. "छान झालं."

एवढंच! उन्हाळ्यापासून जिने या दिवसासाठी जिवाचं रान केलं, तिला 'हं, छान झालं' कसं पुरावं? पण नाताळचा आदला दिवस होता आणि रुसायला सवड कुणाला होती! बाहेर दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग लागली होती. वरच्या घरातून खुर्च्या सरकवल्याचा आणि आईच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. तीन वर्षांनी दादा येणार होता, वहिनी आणि दोन्ही पोरांना घेऊन, म्हणून आईने सकाळपासून घर उलटंपालटं केलं होतं. खिडकीतल्या कागदी चांदणीची जागा तिने चार वेळा बदलली होती आणि चारही वेळा ती होती तिथेच परत आली होती.

धाकटीचे तर पहाटेपासून पाय जमिनीवर टेकतच नव्हते. तिचा हा भट्टीवरचा पहिला नाताळ. उन्हाळ्यात बाबांचं मनगट धरलं, डॉक्टरांनी भट्टीतून साचे ओढायचं लांब दांड्याचं फावडं हातात घ्यायला साफ मनाई केली, आणि तीस वर्षं त्यांच्या हातात असलेली भट्टी तिच्याकडे आली. त्या दिवशी फावडं तिच्या हातात देताना बाबा म्हणाले होते, "मला येतं ते सगळं शिकवलंय तुला. राहिलंच असेल काही, तर त्या वेळी सांगेन."

तेव्हाच तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की पहिल्या नाताळाला एकही केक बिघडू द्यायचा नाही. कारण या एका बाबतीत ती बाबांच्या पुढे जाऊ शकत होती. भट्टीवर बाबांचा हात असा बसलेला, की डोळे मिटूनही आच ओळखायचे. पण दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी त्यांचा एक केक हमखास बिघडायचा. मधोमध खचायचा आणि मुठीएवढा खड्डा पडायचा. याची घरात इतकी थट्टा व्हायची, की ती झाल्याशिवाय नाताळ आल्यासारखा वाटायचा नाही.

घराचा नियमही तसाच होता. ही बेकरी काढली आजोबांनी, आणि त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की चांगला केक गिऱ्हाइकाचा, जिना चढून घरात येईल तो फक्त बिघडलेला. आजोबा गल्ल्यामागे बसायचे आणि त्यांच्या नजरेतून बिस्किटाचा तुकडा सुटायचा नाही. त्यामुळे त्या दुपारी दादा आणि धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कान टवकारून बसायची. बराच वेळ काही व्हायचं नाही. मग एकदम भट्टीच्या खोलीतून बाबांचा आवाज यायचा, "अरेरे!" आणि दोघं पायरीवरून उडीच मारायची.

"एवढं शिकवलं आणि तरी दरवर्षी एक घालवतोस!" आजोबा कडाडायचे.

"लक्ष नव्हतं," बाबा मान खाली घालून म्हणायचे.

आई त्या खड्ड्यात साय आणि जॅम भरायची आणि खड्ड्यात पहिला चमचा कुणी घालायचा यावरून बहीण-भावाची मारामारी ठरलेली. नंतर आजोबा गेले, मुलं मोठी झाली, दादा दूरच्या शहरात नोकरीला लागला. पण बाबांचा केक बिघडायचा राहिला नाही.

यंदा मात्र राहिला होता. धाकटीने पुढ्यातल्या केकवर नावाची चिठ्ठी लावली, तेवढ्यात फोन वाजला.

"धाकटे, दीड तासात पोचतोय!" दादा गाडीच्या आवाजावर आवाज चढवून बोलत होता. "खड्डा ठेवलायस ना बाजूला? पोरांनी डोकं खाल्लंय माझं. रस्ताभर त्या खड्ड्याच्याच गोष्टी सांगत आलोय."

"अरे, ऐक तर!" धाकटीचा आनंद नुसता ओसंडून वाहत होता. "यंदा एकही बिघडला नाही. ऐंशीच्या ऐंशी उभे आहेत. बाबांना जमलं नाही ते करून दाखवलंय तुझ्या बहिणीने!"

पलीकडे दादाचा चढलेला आवाज एकदम खाली आला.

"एकही नाही?"

"एकही नाही!"

"वा," दादा म्हणाला. "वा. हुशार निघालीस की." मागून एक बारीक आवाज आला, "बाबा, आत्या काय म्हणाली? खड्डा आहे ना?" आणि दादा कुणाला तरी हळूच म्हणाला, "बघू हं, पोचल्यावर बघू."

फोन ठेवला तेव्हा धाकटीच्या पोटात खड्डा पडला होता. जो हवा होता तो सोडून भलतीकडेच! ती पुढे आली. बाबा शेजारच्या न्हाव्याला त्याचा केक देऊन दाढीवरून काहीतरी टोमणा मारत होते. तो हसत हसत बाहेर पडल्यावर ती म्हणाली,

"बाबा, आपल्याला घरी केकच नाही."

"नाहीये खरा."

"एखादा चांगलाच नेऊ या का वर?"

"सगळ्यांवर नावं आहेत ना?"

होती. ऐंशी चिठ्ठ्या तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. ऐंशी नावं, ऐंशी केक. दरवर्षी असंच असायचं आणि आजवर या दारातून कुणी रिकाम्या हाताने परत गेल्याचं तिला आठवत नव्हतं. मग दरवर्षी बिघडायचा तो केक कुणाच्या नावाचा होता?

ती तशीच मागे गेली आणि भिंतीकडे पाहत उभी राहिली. भिंतीवर चार ओळींत चाळीस खिळे, चाळीस खिळ्यांवर चाळीस साचे. एका वेळी भट्टीत तेवढेच जात आणि दोन खेपांत काम आटपे. पण दाराजवळ, खाली, एक खिळा आणखी होता. त्यावर एक साचा एकटाच लटकत होता, कडेला पोचा आलेला. तो टाकाऊ आहे असंच तिने आजवर धरलं होतं. पण लहानपणी नाताळच्या आदल्या संध्याकाळी साचे धुवायचं काम तिचंच असायचं आणि सगळ्यात शेवटी हाच साचा हातात यायचा. त्याच्या पोच्यात पाणी साचून राहायचं म्हणून ती तो दोनदा पुसायची. टाकाऊ साच्याला दरवर्षी लोणी कसं चिकटलेलं असायचं?

धाकटी खुदकन हसली आणि तिने तो साचा खिळ्यावरून काढला.

लोणी, साखर, अंडी, मैदा, सुका मेवा. हात भराभर चालत होते. साच्यात मिश्रण ओतून तो भट्टीत सरकवला, दार लावलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण सगळं अगदी नीट मोजून घातलंय. हा एक्क्याऐंशीवा केकही ऐंशींसारखाच देखणा होणार होता. तिने डोक्यावर हात मारून घेतला. चौदाव्या वर्षापासून ती केक चांगला कसा होतो तेवढंच शिकली होती. तो बिघडवायचा कसा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढच्या दाराचा खटका पडला. शेवटचं गिऱ्हाईक गेलं होतं. बाबा पाय ओढत आत आले आणि मैद्याच्या पोत्यावर, त्यांच्या नेहमीच्या जागी, टेकले. त्यांची नजर दाराजवळच्या रिकाम्या खिळ्यावर गेली. ते खिशातून लाल दोऱ्याचा तुकडा काढून बोटाभोवती गुंडाळत बसले. भट्टी धुमसत होती. वर आईने चांदणीचा दिवा लावून पाहिला असावा, कारण खिडकीबाहेरच्या फरशीवर तांबूस उजेड पडला आणि गेला.

"पंचवीस झाली," बाबा म्हणाले. घड्याळाकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"मिनिटं? हो. अजून निम्मा वेळ आहे."

"दार उघड. बघ झालाय का."

धाकटी वळून त्यांच्याकडे पाहतच राहिली. चौदा वर्षांची असताना तिने उतावीळपणे भट्टीचं दार असंच अर्ध्यावर उघडलं होतं, तेव्हा बाबांनी तिच्या हातावर चापट मारली होती. आयुष्यात तेवढी एकच. चाळीस मिनिटांच्या आत दाराला हात लावायचा नाही, हे त्यानंतर तिला कधी सांगावं लागलं नव्हतं.

"पंचविसाव्या मिनिटाला?" तिने विचारलं.

"त्याच्या आधी उघडलं तर कच्चा राहतो, खाववत नाही. तिशी उलटली की मग काही केल्या बसत नाही." बाबा तिला आच शिकवायचे त्याच आवाजात बोलत होते. "थंड वारा आत जाऊ दे. दहा मोज. आणि लावताना आपटून लाव, मधोमध खचला पाहिजे. मग पुरा वेळ भाजून घे."

तिने दार उघडलं. गरम वाफ तोंडावर आली. तिने दहा मोजले आणि मग दोन्ही हातांनी लोखंडी दार असं आपटलं, की भिंतीवरचे चाळीस साचे किणकिणले. वर आईचं गुणगुणणं थांबलं, क्षणभराने पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्याने.

"एवढंच राहिलं होतं सांगायचं," बाबा म्हणाले.

धाकटीला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. तिने दोन्हीला वाट करून दिली. बाबांजवळ पोत्यावर बसून तिने एप्रनने नाक पुसलं.

"आणि आजोबांची बोलणी खाल्लीत दरवर्षी! त्यांना कधी संशय आला नाही?"

बाबांनी बोटावरचा दोरा सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

"तो साचा त्यांनी आणलेला," ते म्हणाले. "मला पंचविसावं मिनिट आणखी कुणी सांगितलं असतं?"

केक पुरा भाजून होत आला, तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला, एकदा, दोनदा, मग कुणी तरी लहान हात त्यावर ठेवूनच दिल्यासारखा सलग. आई जिना उतरताना एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने केस सावरत होती हे न बघताच कळत होतं. दारं उघडली, आपटली. "आजी!" "अगोबाई, केवढी झाली ही!" "सूनबाई, बॅग राहू दे गं." असा सगळा गलका एकदम आत शिरला. धाकटीचे पाय धाव घ्यायला उचललेच होते, पण बाबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. बाहेर दादाचा आवाज आला, "इथे बसायचं, या पायरीवर. अजिबात हलायचं नाही आणि बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं."

बाहेर चिडीचूप झालं.

बाबा उठले. दुखऱ्या मनगटाला सांभाळत पुढे गेले आणि आजोबांच्या खुर्चीवर, गल्ल्यामागे, ताठ बसले. धाकटीने घड्याळ पाहिलं, भट्टीचं दार उघडलं आणि फावड्याने पोचा आलेला साचा बाहेर ओढला. केकच्या मधोमध मुठीएवढा खड्डा होता, कडेने सोनेरी, सुरेख. इतका मन लावून केलेला केक तिच्या हातून आजवर झाला नव्हता.

तिने छाती भरून श्वास घेतला.

"अरेरे!"

पायरीवरून चार पाय धपकन खाली पडले आणि किंकाळ्या फोडत भट्टीच्या खोलीकडे धावले.

"एवढं शिकवलं," पुढच्या दुकानातून बाबा कडाडले, "आणि पहिल्याच वर्षी एक घालवलास!"

धाकटीने मान खाली घातली.

"लक्ष नव्हतं," ती म्हणाली.