फ्लेक्सवरची डॉक्टर

काळेवाडीत माझी बिल्डिंग हाय. खाली कादरचं टू-व्हीलरचं गॅरेज. त्याच्या डोक्यावरचा गाळा साडीवाला सोडून गेल्यापास्नं रिकामा. आनि त्याच्या वर डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास. चालवनारा गणराज सर. इस्त्रीची कापडं, गोड बोलनं, भाडं येळेवर. तवा मी आजवर त्याच्या वाटंला गेलो न्हवतो. पन मानसानं पोरांशी खेळावं ते किती?

कादर उदगीरचा. त्याची इफ्फत वरच्या क्लासात जाती. गॅरेजातल्या टायरवर बसून पाढे पाठ केलेली पोरगी, माझ्या डोळ्यादेखत वाढली. दिवाळीनंतर क्लासच्या परीक्षेत ती पैली आली. सातशे वीसपैकी सहाशे बारा. सरानं लगेच बिल्डिंगीला फ्लेक्स ठोकला. एका बाजूला हात जोडलेला सर, मधी इफ्फतचा ह्यो एवढा फोटो, गळ्यात कॉम्प्युटरनं अडकवलेला स्टेथोस्कोप, आनि खाली 'भावी डॉ. इफ्फत – ६१२'. खरी परीक्षा मे महिन्यात, आनि डॉक्टर आत्ताच! आमच्याकडं हे असंच. निवडनुकीचा पत्ता नसतो, भावी नगरसेवक आधीच खांबावर चढलेला असतोय.

कादर तर येडाच झाला. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला रस्त्यावर नेऊन फ्लेक्स दाखवायचा, मग गाडीला काय झालंय ते इचारायचा. आमच्या मंडळी, शालनबाई, गुडघ्याचा एक्सरे घेऊन पोरीपुढं हजर.

"आजी, मी अजून बारावीत आहे!"

"असू दे गं. बघ तर खरं."

जानेवारीत त्या परीक्षेची तऱ्हाच बदलली. मला काय कळतंय त्यातलं, इफ्फतनंच सांगितलं. कोरोनापास्नं परत्येक विषयात थोडे प्रश्न सोडून द्यायची मुभा होती, वर वीस मिनटं जादा. दोन्ही काढून घेतलं. आता समोर येईल ते समदं सोडवायचं, तेबी कमी येळात.

"मग कर की तसा सराव," मी म्हनलो.

"तेच तर, आबा. क्लासमध्ये अजून जुनेच पेपर देतात. अवघड दिसलं की सोडून पुढं जायचं, अशी हाताला सवय लागलीय. परवा घरी नव्या पद्धतीनं घड्याळ लावून बसले. चारशे ऐंशी आले. फिजिक्सचं शेवटचं पान तर बघायलाच मिळालं नाही."

"सराला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं. म्हणाले, एप्रिलमध्ये बघू."

मे महिना उजाडला की परीक्षा, आनि ह्यो एप्रिलात बघनार! माझं डोस्कं फिरलं. तसाच जिना चढलो.

"या आबाजी, चहा घ्या," सर म्हनला.

"चहा ऱ्हाऊ द्या. पोरांना जुने पेपर का देताय?"

"आबाजी, ह्या टेक्निकल गोष्टी आहेत. एकदम मार्क खाली आले की मुलांचा कॉन्फिडन्स जातो. रडतात हो मुलं."

"आत्ता रडू द्या की! मे महिन्यात रडली तर डोळं पुसाया तुमी येनार हाय का?"

तेवढ्यात फी घेनारी, टेबलामागची मोनिका बोलली. पोरगी साधी, मनात कपट न्हाई. "आणि काका, नवीन बॅचचे ॲडमिशन चालू आहेत ना. मार्क खाली आले तर फ्लेक्स बदलावा लागेल, मग पालक विचारतात."

सरानं तिच्याकडं असं बघितलं की बिचारीनं मान खाली घातली.

म्हंजी कॉन्फिडन्स कुनाचा जपायचा? फ्लेक्सचा! लोकांची पोरं रात्रंदिस घासत्यात, आईबाप ओव्हरटाइम करत्यात, आनि ह्यो शहाना जुनी परीक्षा शिकवून नव्या परीक्षेला पाठवतोय. का, तर ह्याची जाहिरात खाली उतरू ने!

खाली येऊन कादरला सांगितलं. वाटलं, पाना घेऊन पळतोय वर. त्यो हात पुसत उभा.

"आबाजी, सरांचा कायतरी इचार आसंल. तुमी मधी पडू नका."

"अरं, पोरीचं वर्ष जाईल कादर!"

"उदगीरला समद्यांना फोटो पाठवलाय मी. आता काय चारशे ऐंशी म्हनून सांगू?"

इफ्फत डबा घेऊन दारात उभी. तिनं ऐकलं.

"अब्बा, ते सहाशे बारा आता माझे नाहीत."

"मग कुनाचे हायेत?"

"ज्या परीक्षेचे होते, ती परीक्षाच राहिली नाही."

डबा ठेवला आनि वर गेली. सराला म्हनाली, रविवारी नव्या पद्धतीनं टेस्ट घ्या, न्हाईतर माझा फोटो काढा. सर म्हनला, फोटो निघाला तर टॉपर बॅचमधनं नावबी निघंल, इचार कर. पोरगी खाली आली ती थेट माझ्याकडं.

"आबा, शिडी आहे?"

शिडी मी धरली. वर ती, हातात बापाच्या गॅरेजातलं कटर. कराकरा आपलाच फोटो कापला तिनं. सर हात जोडून तसाच, शेजारी भोक, भोकातनं माझ्या भिंतीचा पोपडा.

खाली रिक्षावाल्यानं ब्रेक मारला. "डॉक्टरीणबाई, कुठं चालल्या?"

"अभ्यासाला!"

खिडकीतनं सर वरडला, "आबाजी, करार आहे आपला!"

"करारात गाळा दिलाय, भिंत न्हाई! आनि त्या पोरीचं त्वांड तर मुळीच न्हाई!"

कादरनं पोरीच्या हातातनं कटर घेतलं. पुसून जागेवर ठिवलं.

साडीवाल्याचा गाळा मी झाडून घेतला. गणपती मंडळातनं टेबलं-खुर्च्या आनल्या. इफ्फतनं नव्या पद्धतीचे पेपर काढून आनले. रविवारी दुपारी खऱ्या परीक्षेच्या येळंला ती बसली, तर क्लासातला दानिश आला, पूनम आली, मग आनखी चारदोन पोरं सराची नजर चुकवून आली. शालनबाई पानी भरून बसली.

आनि माझ्या ध्यानात आलं, खाली गॅरेज! रविवार म्हंजी गिऱ्हाईकांची जत्रा. गाड्यांची घरघर, ग्रायंडर, हातोडा. पोरं काय कप्पाळ लिवनार? कादरला हात जोडायचे म्हनून मी खाली आलो.

शटर अर्धं वढलेलं. एक गिऱ्हाईक तनतनत होतं, "गाडी तयार हाय ना? मग चालू करू दे की! चाकणला ओव्हरटाइमला जायचंय मला!"

"हळू बोला," कादर म्हनला. "हितं चालू करायची न्हाई. पाचपातूर समदं बंद."

"का रं बाबा? कुनी गेलं का काय?"

"गेलं न्हाई कुनी. वर पेपर चाललाय."

मानूस पुटपुटत गाडी ढकलाया लागला. कादरनं मागनं हात लावला आनि कोपऱ्यापातूर ढकलत गेला. माझ्याकडं बघितलंबी न्हाई त्यानं.

तेवढ्यात वरनं आवाज आला. सरानं नव्या पालकांची मीटिंग लावली होती, माईकवर, खिडक्या सताड उघड्या टाकून. कॉन्फिडन्स, कॉन्फिडन्स, अख्खी बिल्डिंग दनानत होती.

मी बाह्या सारल्या आनि जिना चढाया लागलो.