वरच्या बाणाची साथ

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवे लावण्याचा नव्हे. संगणकांच्या तारा एकत्र जोडणारा चपटा लोखंडी डबा. सॅस्कॅचवान प्रांतातल्या एका लहान गावात, बर्फावरच्या हॉकीच्या रिंकमागच्या खोलीत माझा जन्म गेला. गुणफलक, तिकिटांची खिडकी, पेरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या विकणारं कँटीन, सगळ्यांचे निरोप माझ्यातून जात. रिंकच्या थंडीत लॉर्ना माझ्या गरम पाठीवर हात शेकून घेई.

लॉर्ना कोवलचुक गावचे संगणक सांभाळी. ती मला टाइप करून हुकूम देई आणि मी ते ध्यानात ठेवत असे. कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला की मागचा हुकूम जसाच्या तसा पडद्यावर हजर. पुन्हा दाबला की त्याच्याही मागचा. मग नुसतं एंटर मारायचं. "असा नवरा मिळायला हवा होता," ती म्हणे, "एकदा सांगितलेलं लक्षात तरी ठेवतो!" मी फुशारून जाई.

कँटीनची तार अडली की ती जोडणी निवडायची, बंद करायची, पुन्हा चालू करायची, हा तिचा नेहमीचा उपाय. सगळं बाणाने. बोटांना इतकी सवय झाली की ती पडद्याकडे बघेनाशी झाली.

स्पर्धेच्या दिवशी कँटीनची तार अडली. लॉर्ना धावत आली. पण सकाळीच तिने सगळ्या रिंकची मुख्य तार निवडून तिचं नाव बदललं होतं, त्यामुळे बाण दाबताच मुख्य तार निवडण्याचा हुकूम वर आला. वाच गं बाई, वाच! मी मनातल्या मनात ओरडलो. तिने एंटर मारलं आणि सवयीने जोडणी बंद केली. सगळं रिंक ठप्प झालं.

व्यवस्थापक ग्लेन फ्रीसन दारात उभा राहिला. "काय चाललंय लॉर्ना? फलक गेला, तिकिटं गेली, लोक माझ्या नावाने शंख करतायत! पुन्हा असं झालं तर रिजायना शहरातल्या कंपनीला तुझं काम देईन, बोललो होतो ना?"

लॉर्नाने दोनदा बाण दाबला. तिचाच हुकूम तिच्यासमोर उभा राहिला. तिने तो वाचला आणि कँटीनऐवजी मुख्य तार बंद केल्याचं तिच्या ध्यानात आलं.

"माझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "हा डबाच म्हातारा झालाय. मधेच मान टाकतो."

"मग फेक की! कशाला पोसतेस त्याला?"

तिने माझी वीज काढली. वीज गेली की ध्यानातले हुकूम पुसले जातात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पुन्हा वीज आली तेव्हा सगळं सुरळीत झालं, कारण बदल कायम राहायला तो वेगळा जतन करावा लागतो, आणि तो चुकीचा हुकूम तिने जतन केलाच नव्हता.

"चालू झाला की!" ग्लेन म्हणाला.

"आज झाला. उद्याचं काय?" लॉर्ना म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

हुकूम पुसले गेले, मित्रांनो, पण 'हा डबाच म्हातारा झालाय' हे वाक्य नाही पुसलं गेलं. परक्याने दोष दिला असता तर मला काही वाटलं नसतं. जिचा शब्द न् शब्द जपला, तिनेच माझ्यावर खापर फोडलं.

आता माझ्या जागी नवा स्विच आहे. मी त्याच खोलीत, खालच्या फळीवर, तारांविना पडून आहे. चूक झाली तर मुक्या सोबत्याच्या माथी मारू नका, एवढंच सांगणं. लॉर्ना अजून वरचा बाण दाबते. पण आता एंटर मारण्याआधी थांबते आणि बोट ठेवून हुकूम वाचते. मी खालून बघत असतो. एवढं माझ्यासाठी थांबली असती, तर?